अदोमासची हातओढ कोणाकडे जावी

मी, मार्सेले रिमकुस, टूलरूम कारागीर कै. अदोमास रिमकुस याची विधवा, वय अठ्ठावन्न, राहणार नदीकाठची गल्ली, एल्मर्स फॉल्स, राज्य कनेक्टिकट, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. माझ्या पोटात गाठ आहे. ती डोक्यापर्यंत गेलेली नाही, असं डॉक्टर लिहून द्यायला तयार आहेत. शेजारी बसून काय लिहावं हे मला कोणी सांगत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण देण्यासारखी एकच वस्तू घरात होती आणि तिच्यावर सतरा वर्षं दुसऱ्याचा हक्क होता.

वकील म्हणाले, बाई, थोडक्यात लिहा. अदोमासने सही केली तो कागद फार थोडक्यात होता. म्हणून मी सविस्तर लिहिणार आहे.

पहिलं. मला अदोमासच्या डाव्या बाजूला पुरावं. उजव्या बाजूला आमची मुलगी बार्बोरा आहे. सूर्यकिरणांचा लोखंडी क्रूस त्याने स्वतः घडवला, त्यावर माझ्या नावाला जागा सोडलेली आहे. आलेल्यांना काळा पाव, खारवलेला मासा आणि गरम बटाटे द्यावेत. दारूला कायद्याने बंदी आहे. तळघरातल्या मधाच्या बाटलीबद्दल मी इथे काही लिहीत नाही, एल्झबिएताला माहीत आहे. नाताळच्या आदल्या रात्री जेवताना आमच्यात गेलेल्या माणसाचंही ताट मांडतात, तसं माझं मांडायचं असेल तर एकाच वर्षी मांडावं. बार्बोराचं मी दरवर्षी मांडत आले, ते कोणाला बघवत नसे.

दुसरं. घर, परस आणि कोंबड्या माझा मुलगा विंत्सास याला. त्याला कोणतीही अट नाही. पोस्टाच्या बँकेत जे असेल त्यातून क्रियाकर्म करून उरेल तेही त्याचंच. परसातली शेड मात्र घरात धरू नये. शेडमध्ये जे आहे त्याच्यासाठीच मी हे मृत्युपत्र करते आहे.

तिसरं. पीठ मळायची ओकची काथवट आणि पावाचं आंबवण एल्झबिएता युर्गायते हिला. मृत्युपत्राची व्यवस्था पाहणारीही तीच. तिला उजव्या हाताला दोनच बोटं आहेत, पण काथवट तिच्याइतकी कोणी नीट वापरणार नाही.

ती आमच्याकडे भाड्याने राहायला आली तेव्हा कॉर्ब्रिज बकल कंपनीत प्रेसवर बसायची. डाव्या हाताने पितळेची पट्टी ठेवायची, पायाने पॅडल दाबायचं, वरची डाय, म्हणजे कापायचा पोलादी साचा, खाली येऊन बकल कापते, उजव्या हाताने ते उचलायचं. दिवसभर हेच. संध्याकाळकडे पाय हातापेक्षा जलद होतो. अदोमास त्याच कंपनीत डाय बनवायचा. एकोणीसशे सातमध्ये एल्झबिएताची तीन बोटं गेली तेव्हा तो दोन पावलांवर होता. त्याने तिचा हात एप्रनमध्ये गुंडाळला. ती म्हणाली, "काका, बकल वाया गेलं का? पगारातून कापतील."

हे त्याने मला घरी येऊन सांगितलं आणि जेवण तसंच ठेवून तो शेडमध्ये गेला.

दोन हिवाळे तो तिथेच होता. त्याचं म्हणणं असं, की थकलेल्या माणसाला सावध राहा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. ज्या दांड्याने डाय खाली येते त्याच दांड्याने बाईचे हात मागे ओढले गेले पाहिजेत. म्हणून मनगटाला दोन चामडी पट्टे, पट्ट्यांना दोऱ्या, दोऱ्या तरफेला, तरफ त्या दांड्याला. डाय खाली, हात बाहेर. आम्ही तिला हातओढ म्हणायचो. शेडमधल्या जुन्या प्रेसवर प्रत्येक बदल तो आधी स्वतःचे हात घालून बघे. मी ओरडले तर म्हणायचा, "मी घालणार नाही तर दुसरं कोणी का घालावं?" ही त्याची कामाची पद्धत होती. तिच्यात त्याचं एक नख गेलं, बाकी सगळी बोटं घेऊन तो मेला.

चौथं. माझ्या शिवणाच्या डब्यात एक चांदीचा डॉलर आहे. तो कंपनीचे अधीक्षक मिस्टर हेल यांना परत द्यावा. पोच घेऊ नये.

हा डॉलर त्यांनी अदोमाससमोर टेबलावर ठेवला होता. बाहेर ओसरीवर मी उभी होते, दार उघडं होतं. मिस्टर हेल म्हणाले, "रिमकुस, पेटंटचा खर्च कंपनीचा, वकील कंपनीचा. नाव तुझंच छापून येईल. मालकी तेवढी कंपनीच्या नावे कर."

अदोमासने विचारलं, "आणि साहेब, प्रत्येक प्रेसवर बसवाल?"

"मालकीच नसेल तर बसवू कशी?"

अदोमासला ते पटलं. मलाही पटलं. ज्याच्या हाताखाली तो शिकला त्या कारागिराची रीत अशी होती, की वस्तू ज्याची त्याने ती वापरायची. घेऊन फडताळात ठेवायला कोण घेतो? कायद्याने काहीतरी दिल्याचं दिसावं लागतं म्हणून एक डॉलर दिला, अदोमासने सही केली. पेटंट मंगळवारी निघालं, नऊ नोव्हेंबर एकोणीसशे नऊ. सगळी पेटंटं मंगळवारीच निघतात. आम्ही हंस कापला, एल्झबिएताला पायाचा तुकडा दिला.

एकाही प्रेसवर हातओढ बसली नाही. दर वसंतात अदोमास टोपी हातात घेऊन विचारायला जाई. एका वर्षी मिस्टर हेल यांनी खरं काय ते सांगितलं. "पट्टे बांधले की मुली सावकाश काम करतात. शिवाय एका प्रेसवर बसवली, की उद्या ज्याचं बोट जाईल त्याचा वकील विचारणार, बाकीच्यांवर का नव्हती? कुठेच नसली तर कोणी विचारत नाही. नीट विचार कर, रिमकुस, तू शहाणा माणूस आहेस."

नदीच्या खालच्या अंगाला घड्याळाचा कारखाना होता, त्यांना ती करून घ्यायची होती. कंपनीच्या वकिलाने त्यांना गप्प केलं.

मी शाळेत गेलेली नाही. प्रार्थनेचं पुस्तक वाचायला आई शिकली तसं तिने मला शिकवलं, इंग्रजी मी मुलांच्या शाळेच्या पुस्तकांतून उचललं. पुढे वाचनालयातल्या मिस ट्रॅस्क यांनी मला पेटंटच्या कायद्याचं पुस्तक काढून दिलं. त्यात लिहिलं होतं, की पेटंटने वस्तू करण्याची सक्ती होत नाही. दुसऱ्याने ती करू नये, एवढाच हक्क मिळतो, आणि तोही सतरा वर्षं. घरी येऊन मी ते अदोमासला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आता वाचून काय करायचं, मार्सेले?" तोपर्यंत बार्बोरा गेली होती.

पाचवं. बार्बोराबद्दल वाटून देण्यासारखं काही नाही, तरी लिहिते. सोळाव्या वर्षी ती प्रेसवर बसली. बापाने नको म्हटलं, तर ती हसून म्हणाली, "बाबा, तुमच्या शेडमध्ये पगार मिळत नाही. तुमची हातओढ आली की पहिली मीच बांधेन." एकोणीसशे चौदाच्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासांत, तिचा उजवा हात मनगटापासून गेला. रक्तात विष झालं आणि आठवड्याच्या आत ती गेली. हात तिच्याबरोबर पुरलेला नाही. दवाखान्यात मी विचारलं, तो कुठे आहे. त्यांना माहीत नव्हतं. कोणाला कधी कळलं तर तो तिच्याजवळ ठेवावा.

त्यानंतरच्या एका रविवारी अदोमासने शेडमधली हातओढ नेऊन तिच्या प्रेसवर बसवली. पहारेकऱ्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. सोमवारी एक पोलिश मुलगी दुपारपर्यंत त्या प्रेसवर बसली. दुपारी अदोमासला काढून टाकलं, हातओढ उतरवून तो घरी घेऊन आला, आणि पुढे कोर्टाचा मनाई हुकूम घरी आला. कोर्टात न्यायाधीशांनी पेटंटचा कागद वर धरून विचारलं, "यावर नाव कोणाचं?"

"माझं."

"मालकी कोणाची?"

"त्यांची."

"मग तुम्ही त्यांची वस्तू त्यांच्या परवानगीशिवाय बनवलीत."

अदोमास म्हणाला, "साहेब, ती बनवायला मलाच सुचलं होतं." न्यायाधीश चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "ते कोणी नाकारत नाही."

पुढे तो कोळशाच्या वखारीवर फावडं मारत होता. एकोणीसशे एकवीसमध्ये छातीच्या दुखण्याने गेला. मनाई हुकूम शेडच्या दाराला आतून लावलेला आहे, तो काढू नये.

सहावं, आणि हे मुख्य. शेडमध्ये हातओढीचे लाकडी नमुने आहेत. लोखंड ओतायला वाळूत साचा करताना जे दाबतात, ते. पेटंटचं छापील चित्र कोणालाही टपालाने मिळतं, पण चित्र वाळूत दाबता येत नाही. गेल्या महिन्यात विंत्सास माझ्याकडे आला. तो कॉर्ब्रिज कंपनीत पाळीचा मुकादम आहे. म्हणाला, "आई, ते नमुने आणि शेडमधलं यंत्र साहेबांना हवंय. चांगली किंमत देताहेत."

"आता कशाला हवंय?"

"काचेच्या कपाटात ठेवणार. बाबांच्या नावाची पाटी लावून."

"आणि नोव्हेंबरनंतर?"

त्याने खाली बघितलं. "नमुने नसले तर दुसऱ्या कोणालाही नव्याने करायला दोनेक वर्षं लागतील. एवढंच."

"एवढंच म्हणजे किती बोटं, विंत्सास?"

"तू असं बोलतेस जसं काही मीच तिला मारलं. मला तीन पोरं आहेत, आई. उद्या मला गेटाबाहेर काढलं तर तू खायला घालणार आहेस का?"

"तू नाही मारलंस. बस, सूप गार होतंय."

तो जेवला आणि गेला. त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण नमुने त्याला देत नाही. शेड, प्रेस, हातओढ आणि सगळे लाकडी नमुने एल्झबिएता युर्गायते आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतणारे आक्सेल लिंडक्विस्ट यांना मिळून देते. नऊ नोव्हेंबर एकोणीसशे सव्वीसला पेटंट संपतं. मला तो दिवस बघायचा होता. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही. म्हणून लिहून ठेवते: दहा नोव्हेंबर, बुधवार, सकाळी पहिलं बीड ओतावं. त्याआधी एक दिवसही नाही. कायद्याने आमचं जे केलं ते केलं, आपण तो मोडायचा नाही, नाहीतर परत दाराला कागद लागेल.

नमुने जो मागेल त्याला वापरायला द्यावेत, फुकट. त्यांच्यावर कोणी पुन्हा पेटंट घेऊ नये, सुधारणा केली तरी. ज्याला हातओढ द्याल त्याच्याकडून एवढंच कबूल करून घ्यावं, की रोज सकाळी पहिल्या ठोक्याआधी पट्टा त्या त्या बाईच्या हाताच्या मापाने लावला जाईल. सगळ्यांना एक माप लावलं तर ती न बसवलेलीच बरी. कॉर्ब्रिज कंपनीने मागितले तर कंपनीलाही द्यावेत. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

सातवं. विंत्सासला मी एक गोष्ट सांगते, पण ती अट म्हणून नाही. वकील म्हणाले, घर देताना अट घाला म्हणजे करावंच लागेल. कागदाने बांधलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याने लहानपणापासून शेडमध्ये कधी हात घातला नाही, दाराशीच उभा राहायचा. त्याने एकदा पट्टे बांधून बापाच्या प्रेसवर बसावं. एवढंच.

हे मी समजून लिहिलं आणि वाचून पाहिलं. खाली सही करते आहे तेव्हा दोन्ही साक्षीदार माझ्यासमोर, एकमेकांसमोर आहेत आणि या कागदातून त्यांना काही मिळणार नाही.

मार्सेले रिमकुस (सही)

साक्षीदार: एडिथ ट्रॅस्क, वाचनालय (सही). पेत्रास गुदाइतिस, चांभार. हातओढीचे पट्टे यांनीच शिवले (सही).

एल्मर्स फॉल्स, शनिवार, ६ मार्च १९२६.

पुरवणी

वरचं मृत्युपत्र कायम ठेवून मी एवढं जोडते.

काल रविवारी चर्चहून विंत्सास एकटाच आला. मला हे मृत्युपत्र त्याला दाखवायचं नव्हतं आणि मी दाखवलेलं नाही. तो म्हणाला, "शेडची किल्ली दे." मी काठी घेऊन त्याच्या मागे गेले. त्याने दाराच्या आतला कागद वाचला. मग विचारलं, "पट्टे कुठे आहेत?"

"खिळ्यावर. बाबाने ठेवले तिथेच."

मी त्याच्या मनगटांना पट्टे बांधले. अदोमासच्या भोकात बसले नाहीत, विंत्सासची मनगटं जाड आहेत. पट्टे दोन भोकं सैल करावे लागले. त्याने पत्र्याचा तुकडा ठेवला, दोन्ही हात मुद्दाम डायखाली ठेवले आणि पॅडल दाबलं. हात मागे आले. पत्रा कापला गेला. त्याने परत दाबलं, मग परत. नंतर पट्टे तसेच ठेवून बसून राहिला.

"एवढं सोपं होतं?" तो म्हणाला.

"हो."

"बार्बोराला कितवं भोक लागलं असतं?"

"सगळ्यात आतलं. तिचे हात लहान होते."

मी पट्टे सोडले, त्याने ते खिळ्यावर लावले. आज सकाळी भोंगा झाला तेव्हा मी खिडकीतून बघितलं. तो नेहमीसारखा कंपनीच्या गेटात गेला.

वकिलांनी विचारलं, मग आता सहावं कलम बदलायचं का, नमुने मुलाला द्यायचे का? नाही. कलम आहे तसंच राहावं. दहा नोव्हेंबरला तो काय करील हे मला माहीत नाही आणि कळणारही नाही. सातव्या कलमातलं काम झालं आहे, ते खोडावं.

एल्झबिएताने आणि लिंडक्विस्टने एवढं ध्यानात ठेवावं: त्या बुधवारी सकाळी तो आला तर त्याला आत घ्यावं आणि काम द्यावं, काही विचारू नये. आला नाही, तर त्याच्यासाठी भट्टी थांबवू नये.

मार्सेले रिमकुस (सही)

साक्षीदार: एडिथ ट्रॅस्क (सही). पेत्रास गुदाइतिस (सही).

एल्मर्स फॉल्स, सोमवार, १४ जून १९२६.