डंकन आमचा भाडेकरू नव्हता

मनिला, ३ फेब्रुवारी २०१४

ती. नानायला, तुझा हात कपाळी लावून मेलिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला काही ऐकू येत नाही. तू नुसतं हं हं करतेस आणि ठेवल्यावर शेजारणीला विचारतेस की मेलिता काय म्हणाली. म्हणून आई, सगळं लिहूनच कळवते. मी मावसबहीण नेनिंगकडे खुशाल आहे. डंकनच्या वडिलांची उजवी बाजू अजून हलत नाही. दिवसभर बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायची आणि घरी येऊन त्यांचं खाणंपिणं, आंघोळ, सगळं एकट्याने करायचं, असं त्याचं चाललंय. तो आता स्कॉटलंड सोडून आपल्या बेटावर परत येऊ शकत नाही. जायचं तर मलाच जायला हवं.

रोडेल सेबूला दुसरीबरोबर संसार थाटून बसलाय, पोरं शाळेत जातात त्याची. पण आपल्याकडे घटस्फोट नाही, म्हणून कागदावर मी अजून त्याचीच बायको. डंकनशी लग्न करता येत नाही. तेव्हा लग्नाशिवायच आम्ही नवरा-बायकोसारखे राहिलो, हे व्हिसासाठी सिद्ध करायचंय. वकीलबाईंनी आपले कागद पाहिले आणि चष्माच काढून ठेवला. बारांगायच्या गावकचेरीत डंकनची नोंद काय, तर पुरिंगबाईंचा, म्हणजे तुझा, भाडेकरू. आणि फोटो? एकूण एक सणाच्या फोटोत आम्हा दोघांच्या मधे तू उभी. बाई म्हणाल्या, हे बघून कुणालाही वाटेल की गोऱ्याचं सूत तुमच्या आईशीच जुळलंय. आधी हसू आलं, मग मात्र रडू आवरेना.

नानाय, कपितान लिओनिसाकडे जाऊन खरं काय ते शपथेवर लिहून देशील का? तू नाही दिलंस तर आमच्याजवळ दुसरं काही नाही.

तुझ्या मायेची भुकेली,
मेलिता

गिमारास, १२ फेब्रुवारी

चि. मेलिताला अनेक आशीर्वाद.

वकीलबाईंना म्हणावं, या वयात मला गोरा कशाला, मला गुडघ्याचं तेल हवंय.

मधे उभी राहत होते ती कुणासाठी, पोरी? त्या फोटोत तू आणि तो खांद्याला खांदा लावून दिसला असतात, तर गावाने तुला फाडून खाल्लं असतं. नवरा जिवंत असलेली बाई तू. तुझी अब्रू झाकली म्हणून आज मला बोल लावतेस. गावात कुणी गेलं की नऊ दिवस जपमाळेची प्रार्थना मी सांगते, आजवर दुसऱ्या कुणी सांगितलेली नाही. खोटारडीला ती कोण सांगू देईल? आणि लिओनिसाला सांगायचं म्हणजे वेशीवर टांगायचं. बारांगायची कपितान झाली तरी पोटात तिच्या काही राहत नाही.

आणखी एक लिहिते, रागावू नकोस. मी कागद दिला तर तू जाशील, नाही दिला तर राहशील. हा विचार माझ्या मनात आला आणि येऊन बसलाय, उठत नाही. मी काही संतीण नाही, इंदाय, माझ्या पोरी. सध्या तरी मला जमणार नाही.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच.
नानाय

ओबन, २१ फेब्रुवारी

ती. नानाय यांना डंकनचा नमस्कार.

तुमची भाषा मी बोटीवरच्या माणसांकडून शिकलो. चुकून शिवी आली तर माफ करा.

तुम्ही नाही म्हणालात, हे मेलिताने कळवलं. तिच्यावर रागावू नका. मला गावात पुढे राहायचं नाही, तुम्हाला राहायचंय. जे जमेल तेच करा. भाडेकरू म्हणालात, पण वाढताना मला कधी शेवटी ठेवलं नाहीत, हे मी विसरलेलो नाही.

इथे डब्यातले तुरीचे दाणे मिळाले. फणस नाही मिळाला. तसंच तुमच्यासारखं डुकराचं कालवण केलं. वडील एक घास खाऊन म्हणाले की त्यापेक्षा औषध आण. तुमच्या हातचं त्यांनी खाल्लेलं नाही, म्हणून असं बोलतात. घर फार शांत असतं. मेलिता भांडायला नाही, त्याचा मला त्रास होतो.

तब्येत सांभाळा. माझ्यावर लोभ ठेवा.
डंकन

गिमारास, ६ मार्च

चि. मेलिताला आशीर्वाद.

काल जाऊन आले. त्या गाढवाचं पत्र आलं आणि मला रात्री झोप लागली नाही. सकाळी चर्चला जायचा पोशाख घातला आणि कचेरीत जाऊन बसले. लिओनिसाने दोन सभासदांना बोलावून घेतलं, म्हणजे ऐकायला माणसं हवीत ना तिला.

हात वर करून सांगितलं की डंकन आमचा भाडेकरू नव्हता, मी खोटी नोंद केली. एका सभासदाने विचारलं, ही दोघं नवरा-बायकोसारखी आहेत हे तुम्हाला कशावरून? म्हटलं, मेलिताला डेंग्यू झाला तेव्हा तिचे मळलेले कपडे हा माणूस विहिरीवर धुवत होता, कुठला भाडेकरू धुतो? म्हटलं, एकदा दोघं कडकडून भांडली, पाठ फिरवून झोपली, भिंत पातळ म्हणून सगळं ऐकू येत होतं, तेव्हा कान शाबूत होते माझे. थोड्या वेळाने हा उठला आणि डासांची उदबत्ती तिच्या बाजूला नेऊन ठेवली. रोडेलने संसार केला तेवढ्या वर्षांत तुझ्यासाठी एकदाही अंथरुणातून उठलेला मला आठवत नाही. लिओनिसाने शिक्का इतका जोरात मारला की शाई उडाली.

आज सकाळी बायकांनी सांगितलं की प्रार्थना आता काही दिवस लोलिंग सांगेल. मला लागलं. खोटं कशाला बोलू, घरी येऊन रडले. पण कागद सोबत पाठवलाय. सांभाळून ठेव.

नानाय

मनिला, २० मे

ती. नानायला सा. न. वि. वि.

व्हिसा आला. वकीलबाई म्हणाल्या, तुझ्या आईच्या जबाबापुढे बाकीचे कागद नुसते भरीला. डंकन फोनवर रडला.

पण नानाय, मी नाही जात. शेजारीण फोनवर सांगते, तुझा खोकला महिनाभर थांबलेला नाही. प्रार्थना माझ्यापायी गेली, आता मीही गेले तर तुझ्याजवळ राहिलं काय? डंकनला म्हणते की थोडं थांब. तो समजूतदार आहे, थांबेल. पुढच्या बोटीने मी घरी येते.

तुझीच,
मेलिता

गिमारास, २८ मे

चि. मेलिताला आशीर्वाद.

तोंड वाकडं करून लिहितेय असं समजून वाच. खोकला माझा आहे, तो मी बघीन. विहिरीचं पाणी लिओनिसाचा नवरा आणून देतो. लिओनिसाला ते आवडत नाही, म्हणून मला जरा जास्तच बरं वाटतं.

तू गेलीस की मला करमणार नाही. आत्ताच सांगून टाकते, नंतर माझ्या पत्रांत शोधत बसू नकोस. संध्याकाळी दोन माणसांचा भात टाकायची सवय जायला वेळ लागेल.

पण ऐक. सहा वर्षं मी गावाशी खोटं बोलले, त्याचं मला काही वाटलं नाही. आता देवाचं नाव घेऊन सांगितलंय की ही दोघं नवरा-बायकोसारखी एका घरात राहतात. तू इथे आणि तो तिथे असं राहिलीस, तर माझं तेवढं एक खरंही खोटं होईल. या वयात आईला खोटं पाडू नकोस. निघ.

पोचल्याचं कळव. त्याच्या वडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझी नानाय,
डंकनची सासू