दोरीवरची वर्दी

मंगळवार, दिवेलागण. लोणंद.

माहिती परदेशात जाते म्हणून सरकारनं काल ते परदेशी व्हिडिओचं अ‍ॅप बंद केलं. दुपारी सीमेवरून ह्यांचा फोन. "बरं झालं. आमच्याकडं घरच्यांच्या फोनचंबी विचाराय लागल्यात. तुझं काय न्हाई न्हवं त्यात?"

"न्हाई वो," म्हणाले मी. तोंडातून गेलंच.

हे सुट्टीवर आले होते तेव्हा अंगणात नाचले होते मी, मिनिटभर, आणि त्याचा व्हिडिओ त्याच अ‍ॅपवर टाकला होता. मागे दोरीवर ह्यांची वर्दी. खिशावरचं नाव, खांद्यावरची पलटणीची खूण, सगळं वाचता येतं. वर्दी धुतलेलीही मीच! पण बघताना माझं लक्ष सगळं माझ्या साडीवर.

फोन ठेवल्या ठेवल्या तो व्हिडिओ पुसायला गेले, तर अ‍ॅप उघडतच नाही. अरे, बंद करायच्या आधी आम्हाला पुसू तरी द्यायचं! आता कुणाकडे असेल तो? ह्यांना सांगू? आणि त्यांच्या साहेबांनी आधीच बघितला असला तर?

अंगणातली दोरी आज रिकामी आहे. तिकडे, कुठल्या कोण देशात, ह्यांची वर्दी अजून वाळतेच आहे.