प्रसूतिगृहातले अठरा पंखे

आई, परवा वर्गात एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही खराखुरा उद्योजक जवळून बघितलाय का?" मी फळ्यावर व्याख्या लिहीत होते. जोखीम पत्करणारा, साधनं एकत्र आणणारा, नवं काही घडवणारा. तीस वर्षं हीच व्याख्या बोरिवलीच्या ह्याच कॉलेजात लिहीत आले आणि उदाहरण म्हणून मोठमोठ्या कारखानदारांची नावं सांगत आले. त्यातला एकही मी पाहिलेला नाही. तुला मात्र रोज पाहत होते, आणि तुझं नाव माझ्या तोंडून कधी निघालं नाही. त्या दिवशी खडू खाली ठेवला आणि पहिल्यांदा सांगितलं, "हो, बघितलाय. माझी आई." मग तास संपेपर्यंत मी फक्त तुझ्याबद्दल बोलत होते. घरी आले तरी बोलणं थांबेना, म्हणून हे लिहायला बसले.

मी त्यांना आधी अंधेरीची कंपनी सांगितली. रेडिओसाठी लागणारी कॉइल तिथे तुम्ही बायका गुंडाळायच्यात. केसापेक्षा जरा जाड तांब्याची तार, बोटाएवढी रिळं, आणि वेढा चुकला तर सगळं उलगडून पुन्हा. अकरा वर्षं तू ते केलंस. बाबांची गिरणी बंद पडून वर्ष होत आलं होतं, आणि तुझ्याच पगारावर घर चाललं होतं. अशात एका सकाळी मालकाने कारखाना गुजरातेत हलवायचं ठरवलं आणि तुम्हा सगळ्यांना गेटवर बोलावून तसं सांगून टाकलं. बायका रडत होत्या, कुणी शिव्या देत होत्या. तू सुपरवायझरकडे गेलीस आणि विचारलंस, "ते कोपऱ्यातलं हाताने फिरवायचं मशीन कुठे जाणार?" तो म्हणाला, "भंगारात." तू म्हणालीस, "मग मी नेते." तुझी एक मैत्रीण मला हे नंतर सांगायची आणि दरवेळी कपाळावर हात मारून घ्यायची. "आम्ही पोटाचा विचार करतोय आणि ही बाई मशीनचा!"

घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवरच्या चाळीतल्या आपल्या खोलीत ते मशीन रिक्षाने आलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, एखादं लहान मूल आणावं तसं. त्याची जागा झाली ओट्यावर, स्टोव्हच्या बाजूला. मी तेव्हा मुलुंडला कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होते. मे महिना होता. दुसऱ्या दिवशी तू खुर्चीवर चढून घरातला एकुलता एक पंखा खाली उतरवलास. बाबा ओरडले, "अगं, फिरणारा पंखा मोडतेस कशाला?" तू म्हणालीस, "कसा फिरतो ते बघायला." आतली सगळी तार तू कापून काढलीस आणि पहिल्यापासून नवी बांधलीस. बटण दाबलं तर फट्ट आवाज झाला आणि जळका वास सुटला. पुन्हा बांधलास. ह्या वेळी पंखा छान फिरला, पण उलटा. सगळा वारा छताकडे जायला लागला, आणि खाली आपण तिघं घामाने थबथबलेले, वर पत्र्याकडे बघत उभे. बाबा हसून हसून खाली बसले. तू हसली नाहीस. वहीत दोन तारांची चित्रं काढलीस, एकीची जागा बदललीस, आणि तिसऱ्या दिवशी वारा खाली आला.

मी तेव्हा नुकतीच अर्थशास्त्र शिकायला लागले होते, त्यामुळे मला सगळं कळत होतं. मी तुला समजावलं होतं, "आई, धंद्याला चार गोष्टी लागतात. जमीन, मजूर, भांडवल आणि उद्योजक. आपल्याकडे काय आहे?" तू दाताने धागा तोडत म्हणालीस, "ते चौघं येईपर्यंत हा पंखा बांधून होईल माझा." वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं खूप हसली. मला मात्र आत्ता लिहिताना हसू येत नाहीये. तुझ्यापाशी त्या चारांतलं काहीच नव्हतं, सातवी पास झालेली दोन बोटं होती, आणि त्या बोटांना काय येतं हे तुला नेमकं माहीत होतं.

स्टेशनजवळच्या विजेच्या सामानाच्या दुकानात तू गेलीस तेव्हा मी बरोबर होते. दुकानदार कच्छी शेठ. तो म्हणाला, "बाई, ये औरत का काम नहीं. घरी पापड लाटा ना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "पापड मला जमत नाहीत, शेठ. एक जळका पंखा द्या. फिरला नाही तर पुन्हा तुमच्या पायरीवर दिसणार नाही." त्याने खोडी काढायची म्हणून सगळ्यात जुना, गंजलेला पंखा दिला. चौथ्या दिवशी तो त्याच्याच दुकानात, त्याच्याच डोक्यावर फिरायला लागला. त्यानंतर आपल्या घरात माणसांपेक्षा पंखे जास्त झाले. पाती खाटेखाली, मोटारीवरच्या वाट्या फळीवर, आणि आमटीला वार्निशचा वास.

आणि मग ते प्रसूतिगृह. मुलुंडला एक खासगी प्रसूतिगृह होतं. पुढच्या मे महिन्यात एका दुपारी विजेचा दाब अचानक वाढला आणि तिथले बत्तीस पंखे एकदम जळाले. बाळंतिणी आणि दोन-दोन दिवसांची पोरं उकाड्यात. शेठने तुझं नाव सांगितलं. त्यांना आठ दिवसांत सगळे हवे होते. तू दिवसाला दोन पंखे बांधायचीस. मला पहिल्यांदा वाटलं, आता ही नाही म्हणेल. तू हो म्हणालीस आणि तशीच चालत निघालीस कंपनीतल्या जुन्या बायका शोधायला. कुणी भांडी घासत होती, कुणी घरी बसून बिड्या वळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाच जणी आपल्या खोलीत हजर. तू प्रत्येकीचा हात बघून काम वाटलंस. जिचा जोर जास्त ती जळकी तार कापणार, जिची कात्री सरळ चालते ती तारेखाली घालायचा कागद कापणार, जिचे वेढे चुकत नाहीत ती मशीनवर. पंखा एकीकडून दुसरीकडे सरकत जायचा आणि शेवटी तुझ्यापाशी यायचा. पुस्तकात ह्याला श्रमविभागणी म्हणतात. मी त्याच खोलीच्या दारात बसून ते प्रकरण पाठ करत होते, आणि समोर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी तू घरात चालू ठेवलेल्या एका पंख्याच्या वाटीला हात लावलास. प्रत्येक नव्या रिळातल्या तारेचा एक पंखा दिवसभर फिरवून बघायचा हा तुझा नियम होता, पण ह्या वेळी घाईत माल आधी गेला आणि तपासणी मागे राहिली. हात लावलास तो चटकन मागे घेतलास. पुन्हा लावलास. मग पंखा बंद करून उतरवलास, उघडलास, तारेवरून नख फिरवलंस. तारेवरचा लेप पापुद्र्यासारखा निघून आला. सगळ्या जणींचे हात थांबले. त्या रिळाचे अठरा पंखे प्रसूतिगृहात जाऊन लागले होते, व्यवस्थित फिरत होते, आणि सगळे तुझ्यावर खूश होते.

"दोन-चार महिने तरी चालतील ना गं?" एकीने विचारलं.

"चालतील कदाचित," तू म्हणालीस. "पण खाली बाळंतीण झोपलीय. धूर निघाला तर टाक्यांची बाई पोर घेऊन पळणार कुठे?"

त्यावर मी जे बोलले ते मी वर्गात सांगितलं. लपवलं नाही. मी म्हणाले होते, "आई, तिकडची लाईट खराब आहेच. पुन्हा जळाले तर लाईटीवर ढकलता येईल." तू माझ्याकडे वळून बघितलंस. आवाज चढवला नाहीस. "शिकलीस म्हणून सुचतं काय गं असं तुला?" एवढंच. आई, त्यानंतर मला पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले, प्राचार्य बोलले, सासरचे बोलले. त्यातलं मला काही आठवत नाही. हे एक वाक्य मात्र आहे तसं लक्षात आहे.

तू साडी बदललीस आणि आपण दोघी मुलुंडला गेलो. मेट्रनबाई टेबलाशी उभ्या होत्या. तू सरळ सांगितलंस, "तार खराब निघाली. चूक माझी, तपासायच्या आधी माल पाठवला. अठरा पंखे काढावे लागतील." त्या इतक्या चिडल्या की दोन नर्सेस आत धावत आल्या. "माझ्या वॉर्डात अठरा वेळा शिडी लागणार! तान्ही पोरं आहेत तिथे, कळतंय का तुम्हाला?" तू म्हणालीस, "कळतंय." "आणि तोवर ह्या बायकांनी काय करायचं? उकडून मरायचं?" तू म्हणालीस, "उद्या सकाळी दुसरे पंखे आणून लावते, मगच हे उतरवते." मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. कारण आपल्याकडे दुसरे पंखे नव्हते.

घरी येऊन तू चाळीत पहिल्या दारापासून सुरुवात केलीस. कडक मे महिना, आणि तू लोकांच्या डोक्यावरचे पंखे मागतेस. एकाने तोंडावर दार लावलं. एक काका म्हणाले, "तुझ्या धंद्याची वाट लागली म्हणून आम्ही का भाजायचं?" तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस, पुढच्या दाराशी गेलीस. आणि मग त्या टोकाच्या मालवणी आजी, ज्या कधी कुणाला चिमूटभर साखर द्यायच्या नाहीत, त्यांनी तुझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळंतिणीक व्हयो मां? मगे ने गो. माका म्हातारेक कसलो वारो." त्यांचा पंखा निघाला तसे बाकीचेही निघाले. वाद घालणारे काकासुद्धा टेबलफॅन काखेत मारून आले. एकंदर चौदा जमले. उरलेल्या चार खाटा मेट्रनबाईंनी दुसऱ्या पंख्यांखाली सरकवून घेतल्या.

सकाळी भाजीवाल्याच्या टेम्पोत चाळीचे पंखे भरले. वॉर्डात शिडीवर बाबा चढले. तेच बाबा, जे हसून खाली बसले होते. वरचा पंखा सोडवून ते खाली द्यायचे आणि तू तो दोन्ही हातांनी घ्यायचीस. एकेक खाट बाजूला, पोराच्या अंगावर चादर, मग शिडी. सगळं होईस्तोवर दुपार झाली. पुढे तीन दिवस तुम्ही सहा जणींनी नव्या तारेने ते पंखे बांधले, आणि ह्या वेळी प्रत्येक पंखा, अगदी प्रत्येक, दिवसभर फिरवून हात लावून मगच सोडलास. त्या तीन दिवसांत चाळीतली माणसं गॅलरीत चटया टाकून पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली असायची आणि जाता-येता विचारायची, "काय, किती झाले?" सगळ्यांचंच काम झालं होतं ते.

वर्गात मुलांना वाटलं की आता प्रसूतिगृहाचे डॉक्टर खूश होऊन मोठं काम देतील. तसं झालं नाही. त्यांनी तुला पुन्हा कधी बोलावलं नाही. मला त्याचा फार राग आला होता. तुला नव्हता आला. त्याच आठवड्यात एकदा चहा घेताना तू म्हणालीस, "कंपनीत होते तेव्हा काही बिघडलं की वर बघायचं, वर साहेब होता. आता वर बघितलं की पत्रा दिसतो." आणि कपातला चहा संपवून उठलीस. आई, उद्योजक म्हणजे काय हे मला त्याहून सोपं करून कुणी सांगितलेलं नाही. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. तुझं वाक्य साठ वह्यांत आहे आता.

पुढे गाळा घेतलास, त्या पाच जणींच्या चौदा झाल्या, पंख्यांच्या मोटारी, मिक्सर, पंप. बायका कामाला येताना डबा आणायच्या आणि जाताना ताठ चालायच्या. त्यांतल्या तिघींनी पुढे स्वतःचं दुकान काढलं, आणि तूच त्यांना तारवाल्याचा पत्ता दिलास. मी हे सगळं आतून बघितलं आणि तरी आज आठवलं की वाटतं, मी एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी राहत होते आणि मान वर करून कधी बघितलंच नाही.

तास संपताना त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. "मॅडम, मग तुम्ही का नाही चालवला आईंचा धंदा?" मी म्हणाले, "मला शिकवायची आवड होती." सगळ्यांना पटलं. घंटा झाली.

तू आजारी पडलीस त्या वर्षी एकदाच मला विचारलं होतंस, गाळा बघशील का म्हणून. मी म्हणाले, पेपर तपासायचे आहेत, नंतर बोलू. तू "बरं" म्हणालीस. पुढे गाळा त्या बायकांनीच चालवला, चांगला चालवला. हे पत्र कुठे जाणार नाहीये, म्हणून इथे लिहिते. शिकवण्याची आवड मला पुढे लागली, खूप पुढे. तेव्हा मी घाबरले होते. एखाद्या दुपारी माझाही हात असाच पोळला असता, आणि मी पंखा बंद करून गप्प बसले असते. मला वाटतं तुला हे ठाऊक होतं, म्हणूनच तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस.