खाली मान घालून वाचलेला निकाल

अप्पा, तुम्ही सिंगापूरला आमच्याकडे राहायला आलात आणि पहिल्याच आठवड्यात मला विचारलंत, "इथलं कोर्ट कुठे आहे गं?" मी तुमच्यासाठी बोटॅनिक गार्डन, पक्ष्यांची बाग असं काय काय ठरवून ठेवलं होतं. तुम्हाला त्यातलं काहीच नको होतं. सेरंगूनहून एमआरटी मेट्रोत बसायचं, कोर्टासाठी चायनाटाऊनला उतरायचं, ते मी एकदा बरोबर येऊन दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एकटेच जायला लागलात. त्या उकाड्यात कोट घालून. मी म्हटलं, "अप्पा, प्रेक्षकांत बसायला कोट कशाला?" तर म्हणालात, "कोर्ट आहे ते."

न्यायाधीशाची सगळी नोकरी तुम्ही जिल्ह्याजिल्ह्यांतून काढलीत. दर तीन वर्षांनी बदली, नवा बंगला, नवी शाळा. कुणाच्या लग्नाला जायचं नाही, कुणाकडून फराळाचं ताट घ्यायचं नाही. बीडला शेजारच्या बाईंनी मला बांगड्या भरल्या, तर तुम्ही आईला त्या परत द्यायला पाठवलंत, कारण त्यांच्या दिराचा दावा तुमच्यासमोर होता. मी आठ वर्षांची होते. रडले होते. तुम्ही समजूत काढली नाहीत, फक्त म्हणालात, "मोठी झालीस की कळेल." कळलं, पण त्याला वेळ लागला. घरात तुम्ही खटल्यांबद्दल चकार शब्द काढत नसायचात. मी बँकेत लागले, लग्न झालं, इथे आले, तरी माझे वडील दिवसभर नेमकं काय करायचे हे मला माहीत नव्हतं.

इथल्या कोर्टातून आलात की चहा घेता घेता एवढंच सांगायचात, "आजचा न्यायाधीश तरुण होता. ऐकतो चांगलं." किंवा, "आज एकाला सहा महिने दिले. वर बघून सांगितलं." हे वर बघून सांगणं तुम्ही पुन्हा पुन्हा का सांगता, हे मला समजेना.

मग तो शनिवार. मी ओट्याशी पोळ्या लाटतेय, तुम्ही जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचताय, आणि माझी तेरा वर्षांची लेक समोर वही घेऊन बसलीय. तिच्या शाळेत फाशीच्या शिक्षेवर वादविवाद होता. तिनं सरळ विचारलं, "आजोबा, तुम्ही कुणाला फाशी दिली?"

माझं लाटणं थांबलं. आम्ही भावंडांनी हे कधीच विचारलं नसतं.

"एकाला," तुम्ही म्हणालात.

"मग पेन मोडलं? सिनेमात मोडतात."

"नाही. तुझ्या आजीनं दिलेलं होतं. पुढे कितीतरी वर्षं वापरलं."

आणि मग तुम्ही तिला सगळं सांगितलंत. जमिनीच्या वादात त्या माणसानं सख्ख्या भावाला आणि त्याच्या दोन थोरल्या मुलांना मारलं होतं. पुरावा पक्का होता. निकाल लिहायला तुम्हाला चार दिवस लागले. पुढे हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली, तेव्हा तुम्ही घरी पेढे घेऊन आलात. ते पेढे मला आठवतात, अप्पा. आईला वाटलं होतं, बढती मिळाली. आपला निकाल वरच्या कोर्टानं बदलला म्हणून पेढे आणणारा न्यायाधीश आमच्या घरात होता, हे मला पाठमोरं उभं राहून, पोळी तव्यावर करपत असताना कळलं.

तुम्ही पुढे म्हणालात, "शिक्षा भोगून तो सुटला. मी निवृत्त होऊन पुण्यात होतो. एक दिवस दारात उभा. मी आत बोलावलं. चहा दिला. तो म्हणाला, साहेब, राग नाही. एकच विचारायचंय. फाशी सांगताना तुम्ही मान वर का नाही केली? मी तुमच्याकडेच बघत होतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, चष्मा घसरत होता."

"खरंच घसरत होता?"

"नाही. मला त्याच्याकडे बघवेना."

तिनं वही मिटली. मग तिच्या शाळेतल्या त्या सिंगापुरी इंग्रजीत, शेवटी 'लाह' जोडून, म्हणाली, "देन यू मस्ट टेल हिम, लाह." मी तिला दटावणार होते. आजोबांशी असं बोलतात का! पण तुम्ही वर्तमानपत्राची घडी घातलीत आणि म्हणालात, "हो. सांगायला हवं."

पुण्याला परतल्यावर तुम्ही एसटीनं त्याच्या गावी गेलात. गुडघा दुखत असताना, आई नको म्हणत असताना. आल्यावर फोन केलात तो तुमच्या नातीला. मी रिसीव्हरसाठी हात पुढे केला, पण तिनं बोलणं संपवून फोन ठेवूनच दिला.

"आजोबांनी सांगितलं त्याला."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, मला तेव्हाच कळलं होतं. मग त्यानं आजोबांना शेत दाखवलं. पेरू दिले."

पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. आता तुमची नात बत्तीस वर्षांची आहे, इथेच हौगांगला राहते. काल जेवायला आली होती. तुमचा विषय निघाला. त्याच्या गावाहून आल्यावर केलेल्या त्या फोनवर तुम्ही रडत होतात, असं ती म्हणाली. हे तिनं इतकी वर्षं मला सांगितलं नव्हतं.

अप्पा, ही पानं मी कुणाला दाखवणार नाहीये, म्हणून लिहून टाकते. तुम्ही ते सगळं सांगितलंत, याचा मला आनंद झाला. पण मी तीन हातांवर उभी होते, आणि तुम्ही ते तिला सांगितलंत. मला तिचा हेवा वाटला. काल पुन्हा वाटला.