लिटरला आठ

२० नोव्हेंबर १९९६

"काका, पेट्रोल गाडी पीए छे के माणस?" — बन्सीलाल शेठ आज पोर्चमध्ये, सगळ्या घरासमोर! शेठची सूनबाई चहाचा ट्रे घेऊन तिथेच थबकली. एकतीस वर्षं ट्रक हाकला, डिझेलच्या टाकीला उशाशी घेऊन झोपलो, थेंब इकडचा तिकडे केला नाही. आणि या खेळण्याएवढ्या गाडीतलं मी चोरणार?

गाडी शेठच्या भावाची. आफ्रिकेतून परतताना त्यानं जहाजातून आणलेली. जपानी, बारा वर्षांची. क्लच नाही, गियर आपले आपण बदलतात. दिवाळीपासून माझ्या हातात आली. भाऊ चालवायचा तेव्हा लिटरला बारा द्यायची म्हणे. माझ्या हाती आठ. म्हणजे झालं, रघुनाथ ड्रायव्हर चोर!

२१ नोव्हेंबर

एअर फिल्टर उघडला. आत रुई! शेठच्या लूम कारखान्यासमोर गाडी रोज तास न् तास उभी असते, तिथली सगळी सुताची धूळ ओढून बसली होती. एक उशी भरली असती. हवा मारून साफ केला. टायरांत हवा कमी होती, ती भरली. प्लग घासले, कार्बोरेटर धुतला. चौथीपुढे शाळा पाहिली नाही मी, पण इंजिनाचं दुखणं कानाला कळतं. आता बघ म्हणावं, शेठ!

२५ नोव्हेंबर

साडेआठ. हात्तिच्या!

२७ नोव्हेंबर

शेठनं पुन्हा बोलावलं. "तुम नहीं लेते काका, तो कौन लेता है?" आवाज असा गोड, की कानाखाली मारलेली परवडली. माझं टाळकंच फिरलं. म्हणालो, "रात्रभर गाडी कोणाच्या नजरेखाली असते, त्याला विचारा ना!"

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. बंगल्यावर वॉचमन एकच — चिंधा.

२९ नोव्हेंबर

चिंधाला काढलं. डिंडोलीहून सायकलनं यायचा बिचारा... बिचारा कसला? मी नेत नाही, मग कोणी तरी नेतंच ना!

बायकोला, शोभाबाईला, सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणते, "तुम्हीन दखं का त्याले चोरतांना?" मी ओरडलो. घरातलं माणूसही मलाच उलटं विचारणार? ताटावरून उठलो. तिनं ताट झाकून ठेवलं. त्याचा आणखी राग.

३ डिसेंबर

टाकीला कुलूप. किल्ली माझ्या करगोट्याला. वॉचमन नवा. आणि ॲव्हरेज? साडेआठ!

आज सोक्षमोक्ष लावला. टाकी गळ्यापर्यंत भरली, चलथाणच्या साखर कारखान्यापर्यंत गेलो, वाटेत कुठे टेकलो नाही, परत येऊन त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरली. साडेआठच.

कोणी चोरत नाही. गाडीच पिते.

बोनेटवर अशी बुक्की हाणली की बोटं सुजली आहेत. अक्षर त्यामुळे असं. चिंधाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

५ डिसेंबर

आमच्या लिंबायतच्या गल्लीतला लोटू, रिक्षावाला, नात्यानं भाचा. आज उधना दरवाज्यापासून माझ्या मागे होता. सिग्नलला शेजारी येऊन दात काढतो — "मामा, तुमना मांगला लाल दिवा सारखा पेटेलच ऱ्हास! ब्रेक दाबीसनच गाडी चालाडतस का?"

"तीन चाकांवाल्यानं मला शिकवू नये!" मी गरजलो.

पुढे गेलो आणि सहज खाली पाहिलं.

माझा डावा पाय. ब्रेकवर! दाबलेला नाही, नुसता टेकलेला, पण भार आहेच. एकतीस वर्षं तो क्लचवर टेकून बसला. इथे क्लच नाही, तर सापडलं त्या पेडलवर जाऊन बसला, आणि मला पत्ताच नाही! उजवा पाय पेट्रोल देतोय, डावा चाकं धरून ठेवतोय. गाडी पिणार नाही तर काय करणार?

पोरं मला उस्ताद म्हणतात. उस्ताद!

६ डिसेंबर

डावा पाय उपरण्यानं सीटच्या नळीला बांधला. पुन्हा चलथाण, पुन्हा तोच पंप. बारा.

शेठला सगळं सांगितलं. पोट धरून हसला. "छोडो ने काका, अब तो गाडी अच्छी चलती है!" मी म्हटलं, चिंधाला परत बोलवा, चूक माझी आहे. "जवा दो. नवो माणस सारो छे." नवा वॉचमन चांगला आहे म्हणे! आणि पुन्हा हसला! माणसाची भाकरी गेली आणि हा हसतो. किल्ली तोंडावर फेकावीशी वाटली. पण तोंड कोणाचं? आधी माझंच, चिंधावर संशय घातला मीच.

८ डिसेंबर

डिंडोलीला गेलो. चिंधा दारात सायकलची चेन बसवत होता. सगळं सांगितलं — पायाचं, आणि शेठला मीच त्याच्याकडे बोट दाखवलं, तेही. त्यानं चेन चढवली, पेडल फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "शेठ मला म्हणाले होते, ड्रायव्हर नेतो असं सांग, तुझी नोकरी राहील. मी म्हटलं, नाही, काका तसे नाहीत."

आणि आत हाक मारली, काकांसाठी चहा टाक म्हणून.