सासऱ्यांच्या दारात, हॉर्न न वाजवता

सायखेडा, नोव्हेंबर १९९८

प्रिय साधना,

टेम्पोत शेजारी बसलीस की तू माझ्या तोंडात गूळ-शेंगदाणे कोंबतेस, शिव्या बाहेर पडू नयेत म्हणून. दिवाळीआधी मी एकटाच झेंडू विकून घरी येत होतो. पुढचा लुनावाला बाजूला होईना, म्हणून हॉर्न दाबत त्याला नको नको ते बोललो. त्यानं मान वळवली, तर तुझे दादा, खुद्द माझे सासरे! मुराळी होऊन तुलाच माहेरी न्यायला निघालेले.

त्यांनी तुला काहीच सांगितलं नाही, नाहीतर तू फोनवर एवढं गोड बोलली नसतीस. मला लय लागलं ते.

आज एक रिक्षा आडवी घुसली, तेव्हा मी मुकाट गूळ चावला. आता तुला न्यायला तुमच्या दारात थांबलोय. चिठ्ठी खिशातच ठेवतो. आधी दादांचे पाय धरतो, मग तुला तोंडानं सगळं सांगतो.

दादा बाहेर आलेच. विचारतायत, "हॉर्न बिघडला का, पाव्हणे?"

तुझाच,
समाधान