त्वचेची निगा

साखर पेठ, सोलापूर
ता. ५ फेब्रुवारी १९७६

साडूबंधू श्रीयुत कमलाकरराव यांस वेणीमाधवाचा सप्रेम नमस्कार.

आपण, प्रभाताई आणि वैरागची सारी मंडळी खुशाल असावीत. तुरीची आवक सुरू झाली असेल, तेव्हा हे पत्र आडतीवर चारचौघांत बसून वाचू नये, घरी नेऊन वाचावे. (कार्ड न लिहिता पाकीट का, ते पुढे कळेलच. आपल्याकडचे पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतात, हे त्यांनीच मला मागे मोकळेपणाने सांगितलं होतं.) इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे आता ठीक आहोत; मधले दोन-तीन महिने मात्र जरा विचित्र गेले.

आपल्याला ठाऊक आहेच की मी गेली बावीस वर्षं शाळेत शरीरशास्त्र आणि आरोग्य शिकवतो. दात, नखं, केस, कान यांवर मी झोपेतही तास घेऊ शकेन. पण दिवाळीपासून मला ज्या जागी त्रास सुरू झाला, ती जागा आमच्या क्रमिक पुस्तकात नाही. स्पष्टच लिहितो, साडूसाडूंत काय लपवायचं. लघवीच्या जागेची पुढची कातडी खाजू लागली, तिला बारीक चिरा पडल्या, आणि हळूहळू ती इतकी आवळली की मागे सरकेना. सत्तेचाळीस वर्षं जिच्याकडे लक्ष दिलं नाही, तिने एकदम स्वतःकडे लक्ष वेधून घेतलं. मी घरगुती इलाज केले. आधी लाल साबण, त्याने आग झाली. मग जखमेवर लावतात ते जंतुनाशक औषध, पाणी न घालता (त्या दिवशी मी मोरीत उडी मारली ती सौ. शकुंतलेला पाल पडल्यामुळे वाटली, आणि मी तसंच वाटू दिलं). शेवटी खोबरेल तेल लावलं आणि एका सकाळी जोर करून कातडी मागे ओढली. ती गेली. मला फार आनंद झाला. तो मिनिटभर टिकला, कारण ती परत पुढे येईना. रबराची कडी बसवावी तशी मागेच आवळून बसली आणि पुढचा भाग सुजू लागला.

शहाण्या माणसाने तिथूनच दवाखाना गाठला असता. पण त्या दिवशी आमच्या शाळेची तपासणी होती, पहिलाच तास माझा, आणि धडा होता ‘त्वचेची कार्ये व निगा’. (मी निवडला नव्हता, क्रमाने आला.) मला बसता येत नव्हतं आणि चालताही येत नव्हतं, म्हणून टेबलाला धरून पूर्ण तास उभ्याने शिकवला. साहेब मागच्या बाकावर होते. त्यांनी वहीत शेरा दिला, ‘शिक्षक अत्यंत तळमळीने शिकवतात.’ शेऱ्यात चूक काहीच नव्हती.

मधल्या सुट्टीत टांगा करून होटगी रोडला गेलो, कारण तिकडे ओळखीचं कुणी नाही. दवाखान्यात वीस माणसं. कंपाउंडर कुंडलिक म्हणून, त्याने सर्वांसमक्ष विचारलं, काय हुतंय. खासगी आहे म्हटलं, तर म्हणाला, “मग बसा की हितं.” बसता येत नाही म्हटल्यावर वीसही माणसांनी मान वर केली. पण त्यामुळे नंबर लवकर लागला. आत गेलो तर डॉक्टरांच्या खुर्चीत गुरुबसप्पा, आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी. नखं वाढवली म्हणून याला मी दोनदा वर्गाबाहेर काढलं होतं. तो उठून उभा राहिला, नमस्कार केला, आणि मग मला धोतर सोडायला सांगितलं.

कमलाकरराव, त्या मुलाने मला एका शब्दाने लाजवलं नाही. गार ओला कपडा घेतला आणि म्हणाला, “सर, सूज उतरेपर्यंत दहा मिनिटं दाबून धरावं लागेल.” धरलं. दहा मिनिटं फार मोठी असतात. ती जावीत म्हणून तो शाळेची चौकशी करत राहिला. नवी प्रयोगशाळा झाली का, पिंपळ आहे का अजून. मी सगळ्याला उत्तरं दिली. मग त्याने अलगद कातडी पुढे आणली आणि मला रडू आलं. दुखलं म्हणून नव्हे. म्हटलं, बावीस वर्षं आरोग्य शिकवलं आणि हे मला माहीत नाही. तो म्हणाला, “आपल्या पुस्तकात पोटानंतर एकदम गुडघेच येतात, सर. मला तरी कॉलेजात गेल्यावर कळलं.”

मग त्याने सांगितलं ते लिहितो. रोज नुसत्या कोमट पाण्याने धुवायचं, आत साबण नाही. सहज सरकेल तेवढीच कातडी मागे न्यायची, कोरडं करायचं आणि आठवणीने पुढे आणायची. जोर कधीही करायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, या वयात कातडी अशी आवळू लागली तर लघवी तपासायची. त्याने तिथेच दिव्यावर नळी धरली. निळं द्रावण माझ्या डोळ्यांदेखत विटकरी झालं. साखर. (राहायला साखर पेठेत, तेव्हा दोष पत्त्याला द्यावा की काय.) आता गोळ्या चालू आहेत, गूळ बंद, भात मूठभर. साखर उतरली की आवळलेली कातडी छोट्या ऑपरेशनने काढायची आहे. म्हणजे सुंता का, असं मी हळूच विचारलं. तो म्हणाला, मागच्या महिन्यात एका कीर्तनकारांची केली, आता ते बसून जेवतात. तेव्हा ते मी करून घेणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही.

प्रभाताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
वेणीमाधव

ता. क. प्रभाताईंचं शकुंतलेला पत्र आलं आहे. आपल्या मोरीत मुंग्या फार झाल्या, आपण रोज त्यांवर पावडर टाकता, तरी हटत नाहीत, असं त्यात आहे. आंघोळीनंतर आपण जपून चालता, असंही आहे. मुंग्यांचा काही दोष नाही, कमलाकरराव. सोलापूरला या, गुरुबसप्पाला दाखवू. एवढ्यासाठीच वरचं सगळं लिहिलं.

ता. क. दुसरा. एवढ्यासाठीच नाही. साखर उतरून तीन आठवडे झाले. ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली, आणि शकुंतलेला सांगितलं की कमलाकरराव येणार आहेत म्हणून थांबलोय. येत्या बुधवारी सकाळी नऊची वेळ आहे. आपण मंगळवारीच या, म्हणजे निदान तेवढं तरी खरं होईल.